शिनोळीच्या अलीकडं

तिकडं, आखनमध्ये, शनिवार म्हणजे
थर्मास, उकडलेली अंडी, केतकीचे चिखलाचे बूट
आणि वीस मिनिटांत दुसरा देश.
टेकडीवर एक दगड आहे, तीन देशांचा.
केतकी त्याच्याभोवती पळते,
चौथ्या फेरीला चक्कर येऊन
कुठल्या तरी एका देशात बसते.
"सुम्म कुंदर," शिवलीला तिच्या गोकाकच्या आवाजात म्हणते
आणि तिचे गुडघे पुसते.

मी खिसा चाचपतो, पासपोर्ट आहे ना.
अकरा वर्षांत एकदाही कुणी विचारलेला नाही.
तरी हात जातो.
मी वाढलो त्या गावात
पाटीवर कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली
यावरून बंद असायचा, शाळेला सुट्टी असायची,
आणि आम्ही पोरं खुशाल
रिकाम्या खानापूर रोडवर क्रिकेट खेळायचो.

ऑक्टोबरात बेळगावला आलो.
रविवारी बाबा म्हणाले, चला, फिरून येऊ.
उद्यमबागेतल्या शेडची किल्ली
त्यांच्या करगोट्याला अजून आहे,
लेथ विकून चार वर्षं झाली.
आईनं कुंद्याचा डबा मांडीवर असा धरला
की तो सांडला तर गाडीच सांडेल.

हिंडलगा, सुळगा, उचगावचा फाटा.
रस्त्याकडेला रताळ्यांची पोती, मातीसकट.
भात पिवळं पडू लागलेलं.
तुरमुरी गेली, बाची आली,
तेव्हा मागून केतकी म्हणाली,
आजोबा, दगड कुठाय?
"कसला दगड गं?"
बदलतं ना, तिथला.

बाबांनी गाडी कडेला घेतली. हसले नाहीत.
"देश न्हवं, राज्य," म्हणाले,
"आन् दगड कुठला आलाय.
ते बघ, डांबर बदलतंय की."

खरंच बदलत होतं.
अलीकडं काळं, पलीकडं राखाडी,
मधे बोटभर फट आणि फटीत गवत.
जन्मभर या रस्त्यानं गेलो,
तिलारीला, आंबोलीला, एकदा मामाच्या लग्नाला ट्रकातून,
ही फट मी कधी पाहिली नव्हती.

केतकीनं एक पाय इकडं ठेवला, एक तिकडं.
आता मी कुठे आहे, असं तिनं जर्मनमध्ये विचारलं.
शिवलीलानं ते मला कन्नडमध्ये सांगितलं,
मी बाबांना मराठीत.
"रस्त्यात," बाबा म्हणाले,
"आधी बाजूला हो म्हणावं. ट्रक येऊलालाय."

मग शिनोळीत चहा.
चहावाल्यानं माझ्या बुटांकडं बघून विचारलं,
पाव्हणं कुठलं?
बाबा म्हणाले, हिकडचंच.
मी बशीत चहा ओतला.
खूप वर्षांनी. थोडा सांडला.

परतताना ते पुन्हा थांबले,
वाकून फटीत अंगठा घातला,
जसा जॉबमध्ये घालायचे, माप घेण्याआधी.
"पाऊण इंच," म्हणाले,
कुणी विचारलं नव्हतं.
आणि पेट्रोल मात्र बाचीच्या अलीकडं आल्यावरच भरलं,
लिटरमागं वाचतात म्हणून.
शेवटचे वीस रुपये हवेत वाजवून दाखवले.

आता इकडं पुन्हा शनिवार.
कुंदा संपत आलाय, डब्याच्या कोपऱ्यात
शिवलीला बोट फिरवते आणि माझ्याकडं बघत नाही.
केतकी दगडाभोवती पळत नाही.
ओणवी होऊन जमिनीवर काहीतरी शोधते.
फट नाहीये, बाबा.
सगळीकडं एकसारखं आहे.

रात्री फोनवर हे सांगितलं.
बेळगावात तेव्हा उशीर झालेला,
मागं कुकर नाही, टीव्ही नाही,
फक्त पंखा.
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"बरं. आन् पेट्रोल कुठल्या बाजूला भरतोस?"